आषाढीला दोन वर्षं मोहरम, त्याआधी दोन वर्षं बकरी ईद. हे जुळतं कसं?

पेठेतला_कार्यकर्ता (७ जुलै २०२५)

नमस्कार मंडळी. काल सकाळी आमच्या तालमीची पोरं पुईखडीवर नंदवाळच्या वारकऱ्यांना केळी आणि राजगिऱ्याचे लाडू वाटत होती. रात्री तीच पोरं मोहरमच्या पंजांच्या विसर्जनाला पंचगंगेवर होती. कोल्हापुरात त्यात नवल नाही, पण तारखांचं मात्र मला नवल वाटायला लागलंय.

जुन्या तारखा काढून बघितल्या. २०२२ ला आषाढी १० जुलैला, त्याच दिवशी बकरी ईद. २०२३ ला २९ जूनला पुन्हा तेच. २०२४ ला १७ जुलैला आषाढी आणि मोहरमचा दहावा दिवस एकत्र. यंदा ६ जुलैला परत तसंच. त्याआधी २०१८, १९, २० अशी सलग तीन वर्षं गणपती आणि मोहरम एकत्र आले होते. तेव्हा किती तालमींत एकाच मांडवात मूर्ती आणि पंजे शेजारी बसले होते ते सगळ्यांना आठवत असेल.

इतकी वर्षं ओळीनं जुळतं, मग दरवर्षीच का जुळत नाही? आणि जुळलेलं सुटतं ते कशानं? पुढच्या आठवड्यात तालमीची बैठक आहे, तिथं पोरांना कारणासकट सांगायचं आहे. ज्यांना माहिती आहे त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

करवीर_गुरुजी (७ जुलै)

प्रश्न फार चांगला विचारलास. लांबलचक लिहितो, सवडीनं वाच.

चांद्र महिना साधारण साडेएकोणतीस दिवसांचा. असे बारा महिने झाले की ३५४ दिवस होतात आणि सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. दरवर्षी अकरा दिवस कमी पडतात. त्यांचं काय करायचं हे प्रत्येक समाजानं आपापल्या परीनं ठरवलं आणि सणांच्या तारखांतला बहुतेक फरक तिथूनच सुरू होतो.

हिजरी कालगणनेत ते अकरा दिवस भरून काढत नाहीत. कुराणात सूरह तौबाच्या ३७व्या आयतीत महिने पुढंमागं करण्याला स्पष्ट मनाई आहे. म्हणून ईद, मोहरम, रमजान दरवर्षी इंग्रजी तारखेच्या मागं मागं येतात आणि ३२-३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून परत जागेवर येतात.

आपलं पंचांग तेच अकरा दिवस साठवत जातं. साधारण साडेबत्तीस महिन्यांनी महिनाभराची शिल्लक झाली की एक जादा महिना घालतं. ज्या चांद्र महिन्यात सूर्य एकही रास ओलांडत नाही तो अधिक मास. घराघरात तो धोंड्याचा महिना म्हणून आणि जावयाच्या तेहतीस अनारशांसाठी ओळखीचा आहे, पण वर्षाचा सगळा हिशेब त्यानंच राखलाय.

आता दोन अधिक मासांच्या मधला काळ घे. त्या काळात आपलं वर्षही ३५४-५५ दिवसांचंच असतं, हिजरीचंही तेवढंच. दोन्ही एकाच वेगानं मागं सरकतात, म्हणून आपला एक महिना आणि त्यांचा एक महिना जोडीनं चालत राहतो. २०२० च्या अधिक आश्विनानंतर आपला आषाढ त्यांच्या जिल्हजच्या जोडीला आला. २०२३ ला अधिक श्रावण आला आणि जोडी एका घरानं सरकली. २०२४ पासून आषाढाच्या जोडीला मोहरम. बकरी ईद जिल्हजची दहावी आणि आशुरा मोहरमची दहावी, म्हणून दोन्ही आळीपाळीनं आषाढीवरच आले.

दहावी आणि एकादशी कशी जुळते ते यंदाच्याच तारखांवर बघ. २५ जूनला दुपारी अमावास्या संपली. २६ ला प्रतिपदा. त्या दिवशी सूर्य मावळल्यावर चंद्रकोर दिसली, म्हणून २७ तारीख मोहरमची पहिली आणि आपली आषाढ शुद्ध द्वितीया, जगन्नाथपुरीच्या रथयात्रेचा दिवस. एका दिवसाचा हा फरक पुढं तसाच चालतो आणि ६ जुलैला त्यांची दहावी, आपली एकादशी.

पुढच्या वर्षी १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. त्यामुळं जोडी परत एका घरानं सरकणार. आषाढी २५ जुलैला आणि मोहरमची दहावी जूनच्या अखेरीस, म्हणजे जवळपास महिनाभर आधी. हेच जुळणं परत यायला बारा अधिक मास जावे लागतात. गणपती-मोहरमचं तसंच आहे: १९८५ ते ८७ ला एकत्र आले, मग २०१८ ते २०, आता २०५० च्या आसपास येतील.

पेठेतला_कार्यकर्ता

गुरुजी, दंडवत. आमच्या तालमीतले जुने लोक १९८६ च्या मिरवणुकीचं अजून सांगतात, त्याचा आज उलगडा झाला. मग हाच हिशेब ईद-ए-मिलादला लावला तर? २०२३ ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद दोन्ही २८ सप्टेंबरला होते.

करवीर_गुरुजी

बरोबर लावलास. २०२३ च्या अधिक श्रावणापासून भाद्रपदाच्या जोडीला रबीउल अव्वल आहे. ईद-ए-मिलाद त्याची बारावी, म्हणजे आपली त्रयोदशी किंवा चतुर्दशी. २०२४ ला १६ आणि १७ सप्टेंबर असे पाठोपाठ होते. यंदा अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला आहे आणि ईद-ए-मिलाद चंद्र दिसेल तसा एखादा दिवस अलीकडं. तेव्हा मिरवणुकीचं बोलणं आत्ताच दोन्हीकडच्या मंडळींनी एकत्र बसून करून घ्या. पुढच्या वर्षी गणपतीच १४ सप्टेंबरला बसणार आणि ईद-ए-मिलाद ऑगस्टातच होऊन जाईल.

नूर_करवीर

गुरुजींनी गणित छान सांगितलंय. पण आमच्याकडं तारीख गणितानं ठरत नाही, डोळ्यांनी ठरते, ते मला थोडं सांगायचं आहे.

महिन्याच्या २९ तारखेला मगरिबच्या वेळी, म्हणजे सूर्य मावळल्यावर, पश्चिमेला चांद बघायचा. दिसला तर दुसऱ्या दिवशी पहिली तारीख, नाही दिसला तर महिना ३० चा. पावसाळ्यात आपल्याकडं ढग हटत नाहीत, मग दुसऱ्या गावांहून साक्ष येते आणि चांद कमिटी ती तपासून जाहीर करते. अमावास्या संपली त्याच संध्याकाळी कोर बहुधा दिसत नाही. ती सूर्याच्या फार जवळ असते आणि त्याच्या मागोमाग मावळते. सौदी आपल्या पश्चिमेला, तिथं संध्याकाळ उशिरा होते, तोवर कोर जरा मोठी झालेली असते. त्यांची घोषणेची पद्धतही वेगळी आहे. म्हणून तिथली ईद पुष्कळदा एक दिवस आधी. २०२५ ला तिथं ३० मार्चला झाली, आपल्याकडं ३१ ला.

लक्ष्मीपुरीत आमच्या ओळखीचे बोहरी व्यापारी आहेत, त्यांची ईद एक-दोन दिवस आधीच होऊन जाते. त्यांचं कॅलेंडर गणिती आहे, ३० वर्षांत ११ वर्षं एका दिवसानं मोठी धरतात, त्यामुळं त्यांना शंभर वर्षांपुढची तारीखही आज सांगता येते. तुर्कस्तानातही गणितावरच जाहीर करतात. आमच्या घरी मात्र अम्मी अजूनही गच्चीवर जाऊन स्वतः बघितल्याशिवाय शेवया काढत नाही, आणि मला ते फार आवडतं.

रोजा कधी उन्हाळ्यात, कधी थंडीत येतो, याबद्दल लोक हळहळतात. माझ्या नानीचं म्हणणं वेगळं होतं. रोजा एकाच ऋतूला बांधला असता तर कुठल्या तरी मुलखाच्या नशिबी कायम मोठा दिवस आणि कायम ऊन आलं असतं. फिरत राहतो म्हणून सगळ्यांच्या वाट्याला सगळं येतं. २०१६ ला आम्ही जूनच्या मोठ्या दिवसांत रोजे धरले. २०३० ला तर एकाच इंग्रजी वर्षात रमजान दोनदा सुरू होईल, जानेवारीत आणि डिसेंबरात.

आणि २०२३ च्या आषाढीबद्दल. कुर्बानीला जिल्हजचे १०, ११, १२ असे तीन दिवस असतात. म्हणूनच राज्यात ठिकठिकाणी मुस्लिम समाजानं एकादशीला कुर्बानी न करता पुढच्या दिवशी करायचं ठरवलं. नियमातच ती सोय होती आणि लोकांनी मनापासून ती वापरली.

मिशन_कंपाऊंड

आमचा नाताळ २५ डिसेंबरला पक्का, त्यामुळं ख्रिस्ती सण तारखेवर असतात असं सगळ्यांना वाटतं. पण आमचा सगळ्यात मोठा सण ईस्टर, आणि तो चंद्रावरच आहे.

नियम असा: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, तिच्यानंतरचा पहिला रविवार. इ.स. ३२५ च्या नायसियाच्या परिषदेनं सगळ्या चर्चनी एकाच रविवारी ईस्टर पाळावा असं ठरवलं. मुळात येशूचं क्रुसावर जाणं यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या वेळचं, आणि वल्हांडण निसान महिन्याच्या पौर्णिमेला. यहुदी कॅलेंडरही आपल्या पंचांगासारखंच चंद्र-सूर्य दोन्ही सांभाळतं, १९ वर्षांत ७ जादा महिने घालतं. कोकणातले बेने इस्राएली त्याच हिशेबानं सण करतात.

मार्च-एप्रिलची पौर्णिमा म्हणजे आपल्याकडं काय? बहुतेक वर्षी चैत्र पौर्णिमा. म्हणून जोतिबाची चैत्र यात्रा आणि आमचा पवित्र आठवडा इतके जवळ येतात. २०२३ ला पौर्णिमा ६ एप्रिलला, गुड फ्रायडे ७ ला, ईस्टर ९ ला. घरासमोरून सासनकाठ्या गुलालात न्हाऊन जोतिबाच्या वाडी रत्नागिरीकडं निघालेल्या आणि आम्ही उपासनेच्या तयारीत. यंदा मात्र यात्रा १२ एप्रिलला झाली आणि ईस्टर २० ला. आठ दिवसांचं अंतर पडलं, कारण चर्चच्या कोष्टकात पौर्णिमा १३ एप्रिलला, रविवारीच पडत होती, आणि ईस्टर पौर्णिमेनंतरच्या रविवारी करतात.

२०२४ ला तर तीन आठवड्यांहून जास्त अंतर होतं. ईस्टर ३१ मार्चला, होळीच्या पौर्णिमेनंतर लगेच. जोतिबाची यात्रा २३ एप्रिलला. आता गुरुजींचं वाचल्यावर कळतंय की आदल्या वर्षीच्या अधिक श्रावणानं चैत्र पुढं ढकलला होता.

पूर्वेकडची ऑर्थोडॉक्स चर्चेस जुन्या ज्युलियन कॅलेंडरानं ईस्टर काढतात, म्हणून त्यांचा २०२४ ला ५ मे रोजी झाला. यंदा दोन्हीकडं २० एप्रिलच होता.

एमआयडीसी_शिफ्ट

सगळं वाचलं, माहिती चांगली आहे. पण मी शिरोलीत कारखान्यात शिफ्ट लावतो, माझी अडचणही ऐका.

सुट्ट्यांची यादी डिसेंबरात लावावी लागते आणि ईदच्या आदल्या रात्री ती बदलते. निम्मे कामगार यूपी-बिहारचे. त्यांचा श्रावण यंदा ११ जुलैला सुरू होतोय, आपला २५ जुलैला. एकाच भट्टीवर दोन माणसं, एकाचा सोमवारचा उपास सुरू झालेला आणि दुसऱ्याचा अजून आषाढ. गेल्या वर्षी लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरला की १ नोव्हेंबरला यावर अर्धा दिवस वाद झाला. विज्ञान इतकं पुढं गेलंय, तर सगळ्यांनी मिळून सणांना इंग्रजी तारखा का ठरवून टाकू नयेत? सरकारनं एक राष्ट्रीय कॅलेंडर केलं होतं ना?

करवीर_गुरुजी

अडचण खरी आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

श्रावणाचं सोपं आहे. आपण महिना अमावास्येला संपवतो, उत्तरेत पौर्णिमेला संपवतात. त्यामुळं वद्य पक्षात महिन्याचं नाव वेगळं, दिवस तोच. गोकुळाष्टमी आपली श्रावण वद्य अष्टमी, त्यांची भाद्रपद कृष्ण अष्टमी, जन्म एकाच रात्री. तुमच्या भट्टीवरच्या दोघांचे दोन सोमवार मात्र वेगळे पडणार, त्याला इलाज नाही.

लक्ष्मीपूजनाचं जरा खोल आहे. तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढं जायला लागणारा वेळ. चंद्राची गती कमीजास्त होते, म्हणून तिथी कधी १९-२० तासांची, कधी २६ तासांची. ती मध्यरात्री बदलत नाही. मग कुठल्या दिवशी सण? तर ज्या सणाचं कर्म ज्या वेळेचं, त्या वेळेला तिथी हवी. गणेश चतुर्थीला मध्यान्ह, महाशिवरात्रीला मध्यरात्र, लक्ष्मीपूजनाला प्रदोषकाळ, म्हणजे सूर्यास्तानंतरचा वेळ. २०२४ ला अमावास्या ३१ ऑक्टोबरच्या दुपारी लागली आणि १ नोव्हेंबरला संध्याकाळी सव्वासहाला संपली. आपल्याकडं १ तारखेला सूर्य मावळल्यावर ती थोडा वेळ होती, आणि दोन्ही दिवशी प्रदोषात अमावास्या असेल तर दुसरा दिवस घ्यावा या नियमानं महाराष्ट्रातल्या पंचांगांनी १ नोव्हेंबर दिला. उत्तरेत पुष्कळांनी ३१ धरला. वाद झाला, पण दोन्ही बाजूंकडं शास्त्र होतं.

राष्ट्रीय कॅलेंडर झालं, खरं आहे. १९५२ ला मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, १९५५ ला अहवाल आला आणि २२ मार्च १९५७ पासून भारतीय सौर दिनांक सुरू झाला. राजपत्रावर तो अजून छापतात. पण लोकांनी सण त्यावर नेले नाहीत, आणि माझ्या मते त्यांनी शहाणपण केलं. कोजागरी २० ऑक्टोबरला पक्की करा. बहुतेक वर्षी आटवलेल्या दुधात पूर्ण चंद्र दिसणार नाही. लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरला बांधा, एखाद्या वर्षी भर चांदण्यात पणत्या लावाव्या लागतील. सुट्टीची यादी दोनदा छापणं परवडेल, पण आकाशाकडं बघायचं कारणच काढून घेतलं तर सणात उरेल काय? तुमची रास्त मागणी एवढीच असावी की पंचांगकर्त्यांनी वादाच्या तारखा वर्षभर आधी एकत्र बसून ठरवाव्यात.

माणगाव_१९२०

तारीख आणि तिथी दोन्ही पाळता येतात, हे आमच्याकडं बघा. बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. तो दिवस विजयादशमीचा, अशोक विजयादशमी म्हणून त्यांनीच निवडलेला. आज लोक १४ ऑक्टोबरही पाळतात आणि दसऱ्यालाही दीक्षाभूमीवर जातात. यंदा दसरा २ ऑक्टोबरला आहे. बुद्धपौर्णिमा वैशाख पौर्णिमेलाच. पण १४ एप्रिल आणि माणगाव परिषदेची २१-२२ मार्च १९२० ही तारीख मात्र कधीच हलत नाही. ज्या घटना कागदावर तारखेसह नोंदल्या गेल्या त्या तारखेवर राहाव्यात असं मला वाटतं. शाहू महाराजांची जयंती २६ जूनलाच शोभते.

पेठेतला_कार्यकर्ता

मग शिवजयंती? आमच्या पेठांत वैशाख शुद्ध द्वितीयेला परंपरेनं होते, शासनाची १९ फेब्रुवारीला, आणि काही जण फाल्गुन वद्य तृतीयेला करतात.

करवीर_गुरुजी

वैशाख द्वितीया हा जुन्या बखरींच्या परंपरेतला दिवस. फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही नंतर संशोधनातून पुढं आलेली तिथी, आणि १९ फेब्रुवारी १६३० ही तिचीच इंग्रजी तारीख. पण ती ज्युलियन कॅलेंडरातली आहे. आज आपण वापरतो ते ग्रेगोरियन १५८२ साली सुरू झालं. पोप तेरावे ग्रेगरी यांनी ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आणला. सतराव्या शतकात दोन्हींत दहा दिवसांचं अंतर होतं. त्या हिशेबानं तो शुक्रवार आजच्या कॅलेंडरात १ मार्च १६३० येतो. कुणी कुठला दिवस पाळावा हे मी सांगणार नाही, महाराजांना मुजरा तिन्ही दिवशी करावा. फक्त तारीख पक्की असते आणि तिथी हलते असं म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

घाटी_दरवाजा

सगळे चंद्रावर बोलताय, आणि आपल्या अंबाबाईचा किरणोत्सव कुणीच काढला नाही! तो निव्वळ सूर्याचा सोहळा आहे.

९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, गरुड मंडप, कासव चौक, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा असं करत गाभाऱ्यात पोचतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. आतले दिवे मंद करतात. किरण एकेक उंबरा चढतो तशी मंडपात कुजबुज थांबते आणि मूर्तीला स्पर्श झाला की घंटा आणि 'अंबा माता की जय'चा गजर होतो. ढग आले, हवेत धूर-धुळीचा पडदा असला, की किरण मध्येच विरतात. पश्चिमेला इमारतींचे अडथळे उभे राहिले तेव्हा सगळं कोल्हापूर हळहळलं होतं.

आता हिशेब बघा. १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर ४१ दिवस, २१ डिसेंबर ते १ फेब्रुवारी ४२ दिवस. सूर्य दक्षिणेच्या टोकाला जाताना आणि तिथून परतताना दोनदा त्याच कोनात येतो. ज्यांनी देवळाची दिशा साधली त्यांना हे नेमकं माहीत होतं. म्हणून हा उत्सव इंग्रजी तारखेला हलत नाही.

संक्रांत मात्र सूर्याचीच असून सरकते. स्वामी विवेकानंद जन्मले १२ जानेवारी १८६३ ला, तो संक्रांतीचा दिवस होता. २०२४ ला संक्रांत १५ जानेवारीला आली. संक्रांत ताऱ्यांच्या हिशेबानं धरतात आणि ऋतूंचं वर्ष त्याहून किंचित लहान, म्हणून साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढं जाते.

शिरोळचा_बागायतदार

उशिरा आलो, सगळं वाचून काढलं. आमच्याकडं जैन घरांत दशलक्षण पर्व भाद्रपद शुद्ध पंचमी ते अनंत चतुर्दशी, म्हणजे गणपतीच्या मांडवाशेजारीच बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दहा दिवस प्रवचन चालतं. श्वेतांबर मंडळींची संवत्सरी चतुर्थीच्या सुमारास होऊन जाते.

पण माझा प्रश्न बैलांचा हाय. आपल्या एका जिल्ह्यात बेंदूर दोन. आमच्याकडं सीमेलगत कर्नाटकी बेंदूर, ज्येष्ठ पौर्णिमेच्या सुमारास. पन्हाळ्याकडच्या पाव्हण्यांकडं महाराष्ट्रीय बेंदूर, आषाढ पौर्णिमेच्या सुमारास. आणि विदर्भ-मराठवाड्यात पोळा श्रावणाच्या अमावास्येला. मला वाटतं पेरणी कुठं कधी उरकते आणि बैल कधी मोकळा होतो त्यावर हे ठरलं असावं.

पुढच्या वर्षी ज्येष्ठ दोन म्हणताय. मग बेंदूर कुठल्या ज्येष्ठात?

करवीर_गुरुजी

निज ज्येष्ठात, म्हणजे अधिकानंतरच्या खऱ्या ज्येष्ठात. सण अधिकात करत नाहीत. ३१ मेची पौर्णिमा अधिकातली, ती सोडायची. वटपौर्णिमा २९ जूनला आहे, तुमचा बेंदूर त्याच्या आसपास.

शिरोळचा_बागायतदार

म्हणजे यंदापेक्षा तीन आठवडे उशिरा. झुली आणि घुंगरमाळा मिरजेहून मे महिन्यातच आणायचा बेत होता, आता जूनचा दुसरा आठवडा धरतो. आणि कर, म्हणजे बैलांनी तोडायचा दोर, वेशीत बांधायचा मान ज्या घराकडं हाय, त्यांना आजच सांगून ठेवतो.